साठ पोरं, एक फळा, एकच गणित: नववी-दहावीला शिकवणाऱ्यांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

बावीस वर्षं झाली नववी-दहावीला गणित शिकवतोय, मराठी आणि सेमी दोन्ही तुकड्यांना. मध्ये एक-दोन ट्रेनिंगमध्ये, एकाच वर्गातल्या वेगवेगळ्या गरजांच्या पोरांना गणित कसं शिकवायचं यावर, सेशन घेतलं आणि तेव्हापासून फोनवर प्रश्न सुरू झाले, बहुतेक रात्री दहानंतर, आणि फिरून फिरून तेच. म्हणून एकदाचं बसून लिहून काढलं. प्रश्न आले तसेच ठेवलेत, फक्त सुरुवातीचं "सर, एक विचारू का" तेवढं उडवलंय. बीजगणितात मी क्ष आणि य लिहिलंय, पोरं एक्स-वाय म्हणतात, दोन्ही चालतं.

१. वर्गात साठ पोरं आहेत. प्रत्येकाला वेगळं शिकवायचं म्हणजे रोज साठ पाठ-टाचणं काढायची का?

नाही हो. तीनसुद्धा काढू नका. मी सुरुवातीला ते करून बघितलं, हुशारांना एक, मधल्यांना एक, मागच्यांना एक, आणि दिवाळीपर्यंत माझा दम निघाला. वर मागच्या बाकांवरच्या पोरांना बरोबर कळलं की आपल्या वाटेला सोपं आलंय, म्हणजे आपण कोण.

मी आता करतो ते असं, की गणित एकच द्यायचं पण त्यात शिरायच्या वाटा चार ठेवायच्या. उदाहरण देतो. "परिमिती ३६ सेंमी असलेले आयत काढा. सगळ्यात मोठं क्षेत्रफळ कोणाचं?" एवढंच फळ्यावर लिहितो आणि प्रत्येक बाकाला ३६ सेंमीचा सुतळीचा तुकडा देतो, टोकं बांधलेला. काही पोरं सुतळी बोटांवर ताणून चौकोन करत बसतात, त्यांना मोजपट्टी आणि वही पुरते. काही जण तक्ता करतात: १ आणि १७ चं १७, २ आणि १६ चं ३२, असं करत ९ आणि ९ चं ८१. मग वर्गात हमखास भांडण होतं की चौरस हा आयत धरायचा का, ते भांडण होऊ द्या, दहा मिनिटं गेली तरी चालतील, चौकोनाचा अर्धा धडा त्यात होतो. तोवर पुढची दोन-चार पोरं क्ष(१८ − क्ष) पर्यंत पोचलेली असतात. त्यांना विचारायचं की ८१ च्या वर जाणारच नाही हे कशावरून? ती राशी ८१ − (क्ष − ९)² अशी लिहिली की वर्गाची किंमत उणे होऊच शकत नाही, म्हणून नाही. म्हणजे पाचवीच्या परिमितीपासून दहावीच्या वर्गसमीकरणापर्यंत सगळं एका तासात, एकाच सुतळीवर, आणि कोणालाही "तुझं सोपं" म्हणावं लागलं नाही.

२. पण सिलॅबस कधी संपवायचा मग?

असा तास रोज नको. एका धड्याला एक, फार तर दोन. बाकीचे दिवस नेहमीसारखंच शिकवा. उलट अशा तासानंतर सरावाची उदाहरणं पटापट होतात असा माझा अनुभव आहे, कारण निम्मी पोरं "सर हे काय चाललंय" मोडमध्ये नसतात.

३. नववीत आलेल्या पोराला साधा अपूर्णांक येत नाही. सुरुवात कुठून करू? पाचवीपासून सगळं परत घेऊ का?

सगळं घेऊ नका, वेळ नाही आणि गरजही नाही. आधी नेमकं कुठं अडलंय ते शोधा. मी जूनच्या पहिल्या आठवड्यात एक चिठ्ठी देतो, पाच प्रश्न, नाव लिहायचं पण मार्क नाहीत:

१/२ + १/३ किती?
−७ + ३ किती?
०.३ आणि ०.२५ यात मोठं कोण?
क्ष + ५ = २ तर क्ष किती?
३० चे २० टक्के किती?

यात बरोबर किती आले ते मी बघतच नाही, चूक कशी केली ते बघतो. पहिल्याला २/५ लिहिलं तर पोरगं अंशाला अंश आणि छेदाला छेद मिळवतंय, म्हणजे अपूर्णांक ही त्याच्या लेखी एक संख्या नाहीच, एकावर एक बसलेल्या दोन आहेत. दुसऱ्याला −१० आलं तर "चिन्ह वेगळं, बेरीज करून टाक" असा काहीतरी अर्धवट नियम पाठ केलाय. ०.२५ मोठं म्हणणारा पंचवीस आणि तीनची तुलना करतोय. चौथ्यात ३ लिहिणाऱ्याला उणे उत्तर येऊ शकतं हेच पटत नाही. साठ चिठ्ठ्या बघायला चाळीस मिनिटं लागतात आणि वर्षभराचा नकाशा मिळतो. हे फक्त तुमच्या-माझ्या शाळेत नाही हो, असर या शिक्षणावरच्या पाहणीत २०२३ साली ग्रामीण भागातल्या १४ ते १८ वयाच्या मुलांपैकी तीन अंकी संख्येला एक अंकी संख्येने भागणं फक्त ४३.३ टक्क्यांनाच जमलं होतं.

मग जे अडलंय तेवढंच, आणि चालू धड्याला जोडूनच घ्यायचं. समीकरणं सुरू झाली की उणे चिन्ह दुरुस्त करायचं, समरूपता आली की गुणोत्तर आणि अपूर्णांक. वेगळा "उपचारात्मक तास" शाळा सुटल्यावर ठेवला की पोरं एसटी चुकते म्हणून येत नाहीत, आणि येतात त्यांना बाकीचे चिडवतात.

४. चौथी-पाचवीचा सराव द्यायला गेलं की मोठ्या पोरांना लाज वाटते. काय करायचं?

कापरेकर करा. दत्तात्रय रामचंद्र कापरेकर, आपल्या नाशिकजवळच्या देवळालीच्या शाळेतले शिक्षक, त्यांचा ६१७४. कुठलीही चार अंकी संख्या घ्या, चारही अंक सारखे नकोत. अंक उतरत्या क्रमाने लावा, चढत्या क्रमाने लावा, वजा करा, आलेल्या उत्तराला परत तेच. ३५२४ घेऊ: ५४३२ − २३४५ = ३०८७. मग ८७३० − ०३७८ = ८३५२. मग ८५३२ − २३५८ = ६१७४, आणि तिथून पुढे हलतच नाही, परत परत ६१७४. कुठूनही सुरू केलं तरी जास्तीत जास्त सात पायऱ्यांत येतं.

आता बघा, ज्याची हातच्याची वजाबाकी कच्ची आहे त्याने एका तासात पंधरा-वीस वजाबाक्या केल्या आणि एकही "चौथीची" वाटली नाही. मध्ये चूक झाली तरी ६१७४ येऊ शकतं, म्हणून प्रत्येक उत्तर ९ ने भागलं जातं का ते पोरांनाच तपासू द्या. पुढच्या पोरांना विचारा की ते ९ ने का भागलं जातं, आणि तीन अंकी घेतलं तर कुठे जाऊन थांबतं. (४९५ ला थांबतं, पण आधी सांगू नका.)

५. पाढेच येत नाहीत. तक्ता द्यावा का? कॅल्क्युलेटर?

तक्ता द्या. बिनधास्त द्या. वर्गसमीकरणाचे अवयव शिकवताना पोरगं आठ सत्ते किती याच्यात अडकलं तर अवयव शिकणार कधी? वहीच्या शेवटच्या पानावर २ ते २० पाढे लिहायला लावा, स्वतःच्या हाताने. तीन महिन्यांत निम्मे पाढे आपोआप बसतात, कारण रोज बघितले जातात. कॅल्क्युलेटर मी फक्त सांख्यिकीला देतो, आणि ज्यांना सवलत आहे त्यांना कायम (बघा प्रश्न ११).

जुने लोक पावकी, निमकी, सवायकी, दिडकी असे अपूर्णांकांचे पाढे पाठ करायचे. ते आता परत आणा असं मी म्हणत नाही, पण सव्वा, दीड, अडीच, पाऊण हे पोरांना दुकानामुळे येतं. अडीच किलो कांदे कळतात, ५/२ कळत नाही. तोंडाने अडीच म्हणायचं आणि हाताने ५/२ लिहायचं, एवढ्या एका सवयीने माझ्या वर्गात बराच फरक पडला.

६. शाब्दिक उदाहरण आलं की चांगली पोरंसुद्धा कोरं सोडतात. गणित येतं पण वाचता येत नाही असं म्हणायचं का?

वाचता येतं. अडतं ते आपल्या विभक्तीत. जरा थांबून बघा, मराठीतला तो एक "ने" किती कामं करतो: ५ ने वाढवा म्हणजे बेरीज, ५ ने कमी करा म्हणजे वजाबाकी, ५ ने गुणा, ५ ने भागा. चारही क्रिया एकाच "ने" वर. आणि "१२ ला ३ ने भागा" हे "१२ ने ३ ला भागा" केलं की उत्तर ४ ऐवजी १/४ येतं. मोठ्या माणसाला हे दिसतच नाही कारण सवय झालीय.

सगळ्यात जास्त पोरं पडतात ती "पेक्षा" वर. "एका संख्येची दुप्पट दुसरीपेक्षा ५ ने कमी आहे." वाचता वाचता लिहिणारं पोरगं २क्ष − ५ = य लिहितं, कारण दुप्पट आधी आली आणि कमी हा शब्द ऐकला. खरं तर २क्ष = य − ५. यासाठी मी सूत्र सांगत नाही. आधी आकडे घालायला लावतो: दुसरी संख्या २५ धर, मग दुप्पट किती? २०. बरं, २० आणि २५ मध्ये मोठं कोण? मग ५ कुठून काढशील? तीन-चार वेळा आकडे घातले की मगच क्ष-य. आणि उदाहरण देताना प्रश्नाचं शेवटचं वाक्य झाकून ठेवतो. फक्त माहिती वाचायची आणि आपल्या शब्दांत शेजारच्याला सांगायची, अजून सोडवायचं काहीच नाही. पहिले दोन दिवस पोरं हसतात, नंतर तिसऱ्या बाकावरची एखादी गप्प मुलगी अख्खं उदाहरण गोष्टीसारखं सांगते.

७. सेमीच्या पोरांचं काय? इंग्रजी कच्चं, त्यात गणित इंग्रजीतून.

बोलणं मराठीत, लिहिणं इंग्रजीत, याची लाज बाळगू नका. भिंतीवर शब्दांच्या जोड्या लावा: न्यूमरेटर म्हणजे अंश, डिनॉमिनेटर म्हणजे छेद, हायपोटेन्यूज म्हणजे कर्ण, सिमिलर म्हणजे समरूप, काँग्रुअंट म्हणजे एकरूप. गंमत अशी की कित्येकदा मराठी शब्दच जास्त सांगतो. समरूप, म्हणजे रूप सारखं, माप वेगळं असू शकतं. मराठी तुकडीतल्या पोरांनाही इंग्रजी शब्द माहीत असू द्या, अकरावीला गेल्यावर पहिला महिना त्यांचा त्यातच जातो.

८. आमच्याकडे घरी मराठीच नाही. कोरकू, पावरी, गोंडी, काही उर्दू. मग?

मग प्रश्न ६ मधलं सगळं दुप्पट लागू. शिवाय आपली संख्यानावं. मराठीत त्रेसष्ट म्हणताना तीन आधी आणि साठ नंतर, लिहिताना ६ आधी. एकोणसत्तर ऐकून पोरगं ७९ लिहितं, कारण कानावर सत्तर पडलं. २०१९ मध्ये बालभारतीने दुसरीच्या पुस्तकात साठ तीन, वीस सात अशी पद्धत आणली तेव्हा केवढा गदारोळ झाला आठवत असेल, गणित समितीच्या अध्यक्ष मंगला नारळीकर होत्या, त्यांनी हेच सांगितलं होतं की जोडाक्षरं आणि उलटा क्रम यांनी लहान मुलं अडतात. लोकांनी थट्टा केली. मी मात्र दहावीच्या वर्गात अजून गुपचूप तेच करतो: आकडा सांगताना "एकोणसत्तर, म्हणजे साठ नऊ". दोन सेकंद जास्त लागतात, आकडा चुकत नाही.

आणि पोरांना आपापसात त्यांच्या भाषेत बोलू द्या. तुम्हाला कळलं नाही तरी चालेल, वहीत काय उतरलं ते तर कळतंच. एका आश्रमशाळेत गेलो होतो तिथे शिक्षक "वर्गात फक्त मराठी" म्हणून ओरडत होते आणि वर्ग एकदम गप्प, गणिताच्या तासाला असा गप्प वर्ग मला तरी धडकी भरवतो.

९. ऊसतोडीची पोरं दिवाळीला जातात, मार्च-एप्रिलला येतात. वर्षातले पाच महिने गेले, आता काय शिकवणार?

आधी हे लक्षात घ्या की शिक्षण हक्क कायदा १४ वर्षांपर्यंत, म्हणजे आठवीपर्यंत पोरगं धरून ठेवतो. नववीत ते सहज निसटतं. त्यामुळे पहिलं काम गणिताचं नाहीच, घरी आजी-आजोबा असतील तर त्यांच्याकडे किंवा हंगामी वसतिगृहात ठेवता येतं का यासाठी ऑक्टोबरमध्येच आई-वडिलांशी बोलायचं, कारखान्याची गाडी दारात आल्यावर नाही.

तरी जाणार असेल तर धड्यांचा क्रम बदला. पुस्तकाचा क्रम हा काही देवाने दिलेला नाही. काही धडे एकमेकांच्या खांद्यावर उभे असतात, जसं समरूपता झाल्याशिवाय त्रिकोणमिती लंगडते. काही मात्र एकटे उभे राहतात: सांख्यिकी, संभाव्यता, अर्थनियोजन, अंकगणिती श्रेढी. साखळीतले धडे जून ते ऑक्टोबरमध्ये, ते पोरगं इथे असताना घ्या. सुटे धडे नंतर. सुटा धडा तो परत आल्यावर पंधरा दिवसांत मित्राच्या वहीवरून उचलू शकतो.

जाताना जाड पुस्तक देऊ नका, उघडलं जात नाही. मी चाळीस पानी वही देतो, रोज एक उदाहरण, आणि फोन असेल तर रविवारी फोटो. गेल्या काही वर्षांत पाच जणांपैकी दोन जणांनी फोटो पाठवले, त्यातल्या एकाच्या फोटोत वहीवर उसाचं पाचट पडलेलं होतं. टक्केवारीला त्यांच्याच जगातला आकडा असतो: २०२४ च्या जानेवारीत तोडणीचा दर टनाला २७३ रुपयांवरून ३४ टक्क्यांनी वाढला, काढा किती झाला. ३६५.८२ येतं, म्हणून ३६६. पण हे उदाहरण भर वर्गात त्या पोराकडे बघून घालू नका. त्याच्या वहीत घाला. एकदा मी वर्गात घातलं होतं आणि त्याने मान खाली घातली ती तास संपेपर्यंत वर केली नाही.

१०. पोरगं कच्चं आहे की डिस्कॅल्क्युलिया आहे, कसं ओळखायचं?

शिक्षकाने ओळखायचं नाही, शंका घ्यायची. कच्चं असलेलं पोरगं नीट शिकवलं की सहा-आठ आठवड्यांत हलतं, हळू का होईना. डिस्कॅल्क्युलियात काल जमलेलं आज परत कोरं होतं, आणि अडचण संख्येच्या जाणिवेतच असते. चार खडू टेबलावर ठेवले तर मोजल्याशिवाय चार आहेत हे सांगता येत नाही, चौदाव्या वर्षीही ८ + ५ बोटांवर, काट्यांच्या घड्याळात गडबड, सुटे पैसे परत घेताना गडबड. आणि तेच पोरगं निबंध झकास लिहीत असेल किंवा भूमितीतलं कारण तोंडी बरोबर सांगत असेल, तर शंका पक्की धरा. डोळे आणि कान आधी तपासून घ्या मात्र. माझ्या एका "डिस्कॅल्क्युलिया" वाल्याला फक्त चष्मा लागला होता.

११. सर्टिफिकेट कसं मिळतं आणि त्याने नक्की काय मिळतं?

२०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात २१ प्रकार आहेत, आधीच्या १९९५ च्या कायद्यात ७ होते, आणि विशिष्ट अध्ययन अक्षमता (डिस्कॅल्क्युलिया यातच येतो) ही नवीन आलेल्यांपैकी आहे. तपासणी सरकारी रुग्णालयामार्फत होते, मुंबईत सायनसारख्या रुग्णालयात यासाठी वेगळं क्लिनिकच आहे. बुद्ध्यांक चाचणी होते, वाचन-लेखन-गणिताच्या चाचण्या होतात, शाळेचा अहवाल लागतो. तो अहवाल नीट लिहा, "अभ्यासात कच्चा" असं एक वाक्य लिहून पाठवू नका, वहीच्या झेरॉक्स जोडा. केंद्राच्या २०१८ च्या नियमांत प्रमाणपत्र वयाच्या आठ वर्षांनंतर, १४ व्या वर्षी परत तपासणी, १८ व्या वर्षी परत, आणि तेव्हाचं मग कायमचं, असं होतं; आताचं रुग्णालयात विचारून घ्या. म्हणजे चौथीत काढलेल्या प्रमाणपत्राच्या भरवशावर नववीत बसू नका, नेमकं तेव्हाच नूतनीकरण येऊ शकतं.

सवलतीत मुख्य म्हणजे वाढीव वेळ (परीक्षांसाठीच्या केंद्राच्या सूचनेप्रमाणे तासाला किमान २० मिनिटं, म्हणजे दोन तासांच्या पेपरला ४०), गरजेप्रमाणे लेखनिक, कॅल्क्युलेटर. अर्ज शाळेमार्फत बोर्डाच्या विभागीय मंडळाकडे जातो आणि तो फॉर्म भरतानाच जोडायचा असतो. फेब्रुवारीत जागे होऊन उपयोग नाही, दरवर्षी कुणी ना कुणी फेब्रुवारीतच फोन करतं.

१२. गणिताऐवजी सातवीचं अंकगणित घेता येतं म्हणे. सगळ्या कच्च्या पोरांना तेच देऊन टाकू का?

नाही, ते फक्त प्रमाणपत्र असलेल्या मुलांसाठी आहे, जोडीला कार्यानुभवाचा विषय घ्यावा लागतो. आणि ज्यांना मिळू शकतं त्यांनाही मी घाई करू देत नाही. एकदा घेतलं की पुढे गणित लागणाऱ्या वाटा जवळपास बंद होतात. काही पोरांसाठी हा खरंच सुटकेचा श्वास असतो, चित्रकलेत, स्वयंपाकात, भाषेत उत्तम चाललेलं पोरगं गणितापायी दहावीतच अडकू नये. पण निर्णय नववीच्या शेवटी, पालक आणि पोरगं दोघांना समोर बसवून. निकाल सुधारावा म्हणून शाळेने ढकलायचं नाही. असा दबाव मी स्वतः एका मीटिंगमध्ये अनुभवलाय.

१३. पालक म्हणतात आमच्या मुलाला काही झालेलं नाही, सर्टिफिकेट नको. सवलत कशी देणार?

बोर्डात नाही देता येणार. वर्गात मात्र कोण अडवतंय? पाढ्यांचा तक्ता (प्रश्न ५), चाचणीला दहा मिनिटं जास्त, फळ्यावरून उतरवायच्या ऐवजी छापील कागद, याला कुठलंही सर्टिफिकेट लागत नाही. आणि पालकांशी बोलताना "अक्षमता" हा शब्द पहिल्या भेटीत काढूच नका. वही उघडून दाखवा, त्यांना स्वतःला दिसतं.

१४. वर्गात एक पूर्ण अंध मुलगी आहे. भूमिती कशी शिकवू? आकृतीच दिसत नाही तर.

आकृती हाताने दिसते. रबरी पॅडवर प्लास्टिकचा कागद ठेवून रिफिलने रेघ ओढली की त्याच बाजूला ती उठून येते, ते नसेल तर सुतळी आणि फेव्हिकॉल. वर्तुळाची स्पर्शिका मी बांगडी आणि पट्टीने दाखवली होती. पट्टी बांगडीला एकाच ठिकाणी टेकते हे तिला बोटांनी कळलं, आणि खरं सांगू का, डोळस पोरांना फळ्यावर जेवढं कळतं त्यापेक्षा नीट कळलं, कारण फळ्यावर खडूची रेघ जाड असते आणि दोन-तीन ठिकाणी टेकल्यासारखी दिसते. आकडेमोडीला टेलर फ्रेम: अष्टकोनी भोकांची पाटी आणि धातूचे खिळे, खिळा आठ दिशांना फिरवून बसवता येतो, दिशेवरून आणि खिळ्याचं कुठलं टोक वर आहे त्यावरून अंक ओळखायचा. एक गोष्ट तुमच्या जिभेला शिकवा: "हे यातून वजा केलं की हे येतं" असं बोलायचं बंद. "सोळातून नऊ वजा, सात" असं नाव घेऊन बोला. याचा फायदा मागच्या बाकावरच्या सगळ्यांना होतो.

१५. कमी दिसणाऱ्या किंवा रंग न कळणाऱ्या मुलांचं काय?

हिरव्या फळ्यावर लाल खडूने कोन दाखवणं आजपासून बंद करा. लाल-हिरवा भेद न कळणारी मुलं, त्यात मुलगेच जास्त, जवळपास प्रत्येक मोठ्या वर्गात एखादं तरी असतं आणि ते कधीच सांगत नाही. पांढरा आणि पिवळा वापरा, आणि नुसता रंग नको, एक बाजू तुटक रेघेने, एक ठळक.

१६. ऐकू कमी येणारा मुलगा आहे, मशीन आहे तरी मागे पडतो.

तुम्ही फळ्याकडे तोंड करून बोलता. सगळेच बोलतो, मीही. तो ओठ वाचतो आणि गणिताचा शिक्षक अर्धा तास पाठमोरा असतो. आधी लिहा, मग वळा, मग बोला. आणि सात-साठ ओठांवर जवळपास सारखेच दिसतात, आकडा सांगताना फळ्यावर बोट ठेवा.

१७. हुशार पोरं पाच मिनिटांत सोडवून दंगा करतात. त्यांना अजून दहा उदाहरणं देतो.

म्हणजे लवकर संपवल्याची शिक्षा. पुढच्या वेळी ते मुद्दाम हळू करतील. तीच दहा नकोत, एक खोल द्या: "याच उत्तराचं दुसरं समीकरण तयार कर", "ही अट काढली तर किती उत्तरं येतील", किंवा प्रश्न १ मधला शेवटचा भाग. आठवीत असतील तर एनएमएमएस या शिष्यवृत्ती परीक्षेला बसवा, अट बसत असेल तर वर्षाला १२,००० रुपये मिळतात. खरी गोडी असलेल्यांसाठी गणित ऑलिंपियाड आहे, त्याचं काम मानखुर्दचं होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्र बघतं. आणि त्यांना रोज "जा, त्याला समजावून सांग" म्हणून जुंपू नका. आठवड्यातून एकदा ठीक. ते पोरगंही शिकायलाच आलंय.

१८. मग अ, ब, क तुकड्या मार्कांवर पाडल्या तर सगळ्यांचंच सोपं नाही का?

शिक्षकाचं सोपं होतं. "क" मधलं पोरगं मात्र क मध्येच राहतं, मी अपवाद फार थोडे बघितलेत. गट करायचेच तर एका चुकीपुरते, वीस मिनिटांचे: आज उणे चिन्ह चुकणारे सगळे इकडे या. त्यात पहिल्या नंबरचा पोरगाही येतो कधी कधी, आणि तो आला की गटाचा डाग जातो.

१९. चाचणीचा पेपर वेगळा काढू का? बाकीची पोरं म्हणतात त्याला का सोपं?

पेपर एकच, वाटा पेपरच्या आत. बोर्डाने ते केलेलंच आहे, ४० गुणांच्या प्रत्येक भागात चौकटी भरायच्या कृती असतात, ७ गुणांच्या. चौकट म्हणजे अर्धवट सोडवलेलं उदाहरण. मी सरावात तेच ताणतो. समजा ५क्ष − ३(क्ष − ४) = २०. एकाला फक्त शेवटची ओळ रिकामी देतो, दुसऱ्याला शेवटच्या दोन, तिसऱ्याला कोरं. सगळ्यात महत्त्वाची चौकट कंसाबाहेरच्या उण्याची: ५क्ष − ३क्ष ☐ १२ = २०. तिथे उणे लिहिलं की क्ष १६ येतो, मग मूळ समीकरणात टाकून बघायला सांगतो, ८० − ३६, ४४ झाले, २० कुठे? पोरगं स्वतःच मागे जाऊन अधिक करतं आणि क्ष ४ आणतं. महिन्याभराने चौकटी कमी करत जायच्या. विसरू नका हां, नाहीतर चौकटीशिवाय चालताच येत नाही अशी पोरं तयार होतात, ती चूक मी पूर्ण एक बॅच भर केलीय.

"त्याला का" चं उत्तर मी चष्म्यावरून देतो, वर्गात कोणाचा ना कोणाचा असतोच, आणि पोरांना ते लगेच कळतं. पालकांना जास्त वेळ लागतो.

२०. एक मुलगा तोंडी सगळं बरोबर सांगतो, पेपर मात्र कोरा. याला कुठल्या खान्यात बसवू?

खाना नंतर शोधा, आधी त्याच्या शेजारी बसून त्याला एक उदाहरण लिहिताना बघा. असा माझा एक होता. ओळीत ओळ मिसळायची, बरोबरची चिन्हं एकाखाली एक येत नव्हती, तिसऱ्या पायरीला त्याचाच ६ त्याला ० वाटायचा. त्याला चौकडीची वही दिली, एका चौकटीत एक अंक, आणि दोन ओळींमध्ये एक ओळ मोकळी. घटक चाचणीत आधी तोंडी घेतलं आणि मी लिहिलं, मग त्याने लिहिलं आणि मी फक्त बघितलं. लेखनातली अक्षमता निघाली तर प्रश्न ११ प्रमाणे लेखनिक मिळू शकतो, पण लेखनिकाला गणित सांगणं हेही शिकावं लागतं बरं का: "कंस सुरू, दोन क्ष अधिक तीन, कंस पूर्ण, त्याचा वर्ग". आम्ही ते जानेवारीभर रोज मधल्या सुट्टीत केलं, तो सांगायचा आणि आठवीची एक पोरगी लिहायची, पहिल्या दिवशी तिने "कंस पूर्ण" हे शब्दच अक्षरांत लिहिले होते.